निरीक्षकांच्या मापात पाप

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बारा वर्षं शिकवत होती आणि बारा वर्षांत तिच्या एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा जाड झाली होती. शिकवणाऱ्याच्या सीटखाली जो दुसरा ब्रेक असतो, त्याच्यावर तिचं पोट होतं. समोरून बस आली, कुत्रं आडवं गेलं, शिकाऊ माणसानं रडत स्टिअरिंग सोडून दिलं, तरी तिचा आवाज चढत नसे. ती नुसतं "हळू" म्हणायची आणि पाय दाबायची. गाडी थांबायची. तिच्याकडून शिकून गेलेल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की आपल्याला पहिल्याच दिवशी गाडी थांबवता येत होती.

घरी मात्र तिच्या पायाखाली काही नव्हतं. घर सासऱ्यांचं होतं, गाडी सासऱ्यांची होती आणि शेवटचा शब्दही त्यांचाच होता.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, तळाला मेण लावलेली मापं पकडली, दूधवाल्यांना घाम फोडला. बाजारात त्यांची छत्री दिसली तरी तराजू आपोआप सरळ व्हायचे म्हणे. निवृत्तीनंतर तपासायला बाजार उरला नाही, तेव्हा त्यांनी घर धरलं. साबणाची वडी किती दिवस पुरली पाहिजे, हेही त्या घरात ठरलेलं होतं.

रविवारी दुपारी बारा वाजता ते कपाटातून बाटली आणि काचेचं माप काढत. माप टेबलावर ठेवून गुडघ्यांत वाकत, एक डोळा मिटत आणि दुसरा डोळा बरोबर साठच्या रेघेसमोर आणून ओतत. एक थेंब जास्त नाही, एक कमी नाही. असे दोन. मग जेवण, आणि तीन वाजता दोन्ही नातवंडांना मागे बसवून ते पोहण्याच्या तलावावर घेऊन जात. शेजारी सासूबाई बसत, ओठ मिटून.

"साठ दुणे एकशेवीस," ते सांगत. ऐकणारा कोणी नसला तरी सांगत. "चाळीस वर्षं हाच आकडा. माणूस दारूनं बिघडत नाही, बेहिशेबानं बिघडतो. ते गुत्त्यावरचे लोक ढोसतात. कारकून पितात. आपण घेतो."

एकाच बाटलीतून निघालेली वस्तू माणसाच्या पगाराप्रमाणे क्रियापद बदलते, हे सुनेला या घरात आल्यावर समजलं.

रविवार हा ड्रायव्हिंग स्कूलचा गर्दीचा दिवस. नोकरदार माणसं त्याच दिवशी शिकायला येतात. त्यामुळे तीन वाजता ती कुणाच्या तरी शेजारी बसून "हळू" म्हणत असे आणि तिची स्वतःची पोरं सासऱ्यांच्या मागच्या सीटवर असत. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्याचा स्वतःचा नंबर नऊ होता आणि गाडी चालवायला तो कधी शिकला नव्हता. "बाबांचं बाबांना कळतं," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. मग तिनं सासऱ्यांनाच विचारलं.

"बाबा, रविवारी मुलांना टॅक्सीनं पाठवलं तर?"

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "तू शिकाऊ लोकांना शिकवतेस. उत्तम काम आहे. मी शिकाऊ नाही."

पेपर पुन्हा वर गेला. विषय संपला.

त्या वर्षी एक डॉक्टरबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आल्या. त्या एका संशोधनावर काम करत होत्या: कोणत्या थरातली माणसं किती पितात आणि पिऊन गाडी कशी चालवतात. गाव सोडून बाहेर एक बंद पडलेला काचेचा कारखाना होता. त्याच्या मोठ्या आवारात रबरी शंकू मांडायचे, स्वयंसेवकांना मोजून दारू द्यायची आणि गाडी चालवायला लावायची. त्यासाठी त्यांना दोन ब्रेकची गाडी हवी होती आणि शेजारी बसायला न घाबरणारा माणूस.

"तुमचा ब्रेक एका मोजणी यंत्राला जोडणार," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "तुम्ही जितक्या वेळा दाबाल, तितक्या वेळा ती व्यक्ती अपघात करणार होती असं धरायचं."

"मग रोजचेच आकडे मोठे येतील," ब्रेकबाई म्हणाली. "माझे लोक न पिता येतात."

घरी जेवताना तिनं ही गंमत सांगितली आणि तिथंच फसली. सासऱ्यांनी घास खाली ठेवला. त्यांनी तीन प्रश्न विचारले: दारू कोण मोजतं, कशानं मोजतं आणि नाव कुठे नोंदवायचं.

"अहो, या वयात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता, पण तो घाबरल्यामुळे, एवढंच सुनेला तेव्हा वाटलं.

"शास्त्राला नमुना लागतो," सासरे म्हणाले. "शिस्तीत घेणाऱ्या माणसाचा नमुना त्यांना मिळणार कुठून?"

गुरुवारी सकाळी दहा वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून काचेच्या कारखान्यात हजर झाले. आवाराच्या एका कोपऱ्यात कनातीचा मांडव होता. त्यात टेबल, खुर्च्या, फुंकायचं यंत्र आणि सरकारी पत्रावर आलेल्या दारूच्या सीलबंद बाटल्या. मैदानात शंकूंची वळणावळणाची वाट, आणि वाटेवर चार ठिकाणी माणसं म्हणून उभे केलेले कापडाच्या दुकानातले पुतळे. एका पुतळ्याला हात नव्हता, तरी तो रस्ता ओलांडायच्या पवित्र्यात होता.

त्या दिवशी तीन स्वयंसेवक होते. सासरे, एक दातांचे डॉक्टर आणि एक गवंडी. आधी फॉर्म भरायचा होता.

"किती वेळा घेता?" डॉक्टरबाईंनी दातांच्या डॉक्टरांना विचारलं.

"कधीतरी. कार्यक्रम असला तर."

"आठवड्यात किती कार्यक्रम असतात?"

दातांच्या डॉक्टरांनी मनात हिशेब केला. "पाच."

गवंड्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रोज. पगाराच्या दिवशी जास्त." एवढं साधं उत्तर त्या दिवसात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

सासऱ्यांनी साठ आणि एकशेवीस हे दोन्ही आकडे स्वतःच्या हातानं लिहिले, पुढे 'मिली' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात भर घातली: 'चाळीस वर्षे. कोणताही परिणाम नाही.'

पहिली फेरी कोरी, म्हणजे न पिता. सासऱ्यांनी गाडी अशी चालवली की ब्रेकबाईला मनातून कौतुक वाटलं. एकही शंकू हलला नाही. तिचा पाय एकदाही खाली गेला नाही. दातांच्या डॉक्टरांनी आणि गवंड्यानंही ठीक केलं. मग डॉक्टरबाईंनी प्रत्येकाच्या वजनावरून माप ठरवलं. सासऱ्यांच्या वाट्याला नेमकं एकशेवीस आलं, तेव्हा त्यांनी मांडवातल्या सगळ्यांकडे पाहिलं, जणू शास्त्राला त्यांचा आकडा आधीपासूनच माहीत होता. डॉक्टरबाई ओतत असताना ते गुडघ्यांत वाकले.

"डोळा रेघेच्या पातळीत हवा," त्यांनी सांगितलं. "वरून बघितलं की खोटं दिसतं."

पहिला घोट घेतल्यावर त्यांनी भुवया वर केल्या. "जरा कच्ची आहे."

"कच्ची म्हणजे?"

"बाटली उघडल्यावर आठवडाभर ठेवावी लागते. मुरते. आमच्या घरी आम्ही तसंच करतो."

दारूबद्दल असं काही डॉक्टरबाईंनी पूर्वी ऐकलं नव्हतं, पण त्यांचं काम माणसं सुधारायचं नव्हतं, मोजायचं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं सगळ्यांनी यंत्रात फुंकलं आणि दातांच्या डॉक्टरांचा नंबर आला. त्यांनी पूर्ण वेळ हिरड्यांच्या आरोग्यावर व्याख्यान दिलं, दोन शंकू उडवले, एका पुतळ्याला वळसा घालताना त्याची माफी मागितली आणि ब्रेकबाईनं सात वेळा पाय दाबला. उतरताना ते म्हणाले, "कोऱ्या फेरीपेक्षा ही चांगली झाली, नाही?"

मग गवंडी. तो गाडीपर्यंत आला, दाराला हात लावला आणि थांबला.

"मी नाही चालवत," तो म्हणाला.

डॉक्टरबाई पुढे आल्या. "इथं धोका नाही. बाई शेजारी आहेत."

"ते खरं. पण आमच्या कामावर परांचीवर चढायच्या आधी मुकादम तोंडाचा वास घेतो. वास आला की त्या दिवसाचं काम गेलं. तीन मजले वर, बांबूवर पाय, मग कशाला चढू देतील? गाडीला मुकादम नसतो म्हणून लोक चढतात. मी प्यालो की सायकलसुद्धा हातात धरून नेतो."

"पण मला आकडा लागतो."

"शून्य लिहा."

डॉक्टरबाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला. चालवायला नकार देणाऱ्या माणसासाठी त्यात रकाना नव्हता. गवंडी मांडवाच्या सावलीत जाऊन चपला उशाला घेऊन झोपला.

"बघितलंस?" सासरे सुनेच्या कानाशी येऊन म्हणाले. कान तिचा होता, पण आवाज सगळ्या आवारासाठी होता. "सवय नसते. दोन घोटांत आडवे."

त्यांचे गाल लाल झाले होते. शर्टाचं एक टोक बाहेर आलं होतं. इतक्या वर्षांत तिनं सासऱ्यांच्या शर्टाचं टोक बाहेर पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा तीन वेळा तिच्या सीटच्या खाचेत घालायचा प्रयत्न केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला "पोरी" म्हणाले.

"पोरी, तू माझ्याकडून शिक आज."

गाडी निघाली. पहिल्या वळणावर पाय. दुसऱ्या वळणावर पाय. सासरे एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं तिला एका दूधवाल्याची गोष्ट सांगत होते, ज्याच्या मापाला दोन तळ होते. दोन तळ दाखवायला दोन्ही हात लागले. पाय. हात नसलेला पुतळा समोर आला, तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला आणि वाट पाहिली की तो बाजूला होईल. तो झाला नाही. पाय दाबूनही गाडीचं नाक त्याला लागलं आणि तो संथपणे आडवा झाला. सासरे काच खाली करून म्हणाले, "परवाना दाखवा."

फेरी संपली तेव्हा यंत्रावर एकोणीस आकडा होता.

"एकोणीस?" सासऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला, मग लांब नेला. "हा हिचा पाय आहे. माझं चालवणं कुठे आहे यात? हिला सवय आहे, ही दाबतच राहते. मापाची एकच बाजू तपासून चालत नाही. हिचा पाय वर घ्या आणि मग मोजा."

"तसं नियमात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तुमचा काटा खोटा आहे."

डॉक्टरबाई तोंड वळवून निघाल्या होत्या. ब्रेकबाईनं त्यांना थांबवलं. तिला लख्ख कळत होतं की हा विषय इथं मिटला नाही, तर उरलेलं सगळं आयुष्य जेवणाच्या टेबलावर तिचा पाय चघळला जाणार. ती म्हणाली, "मैदानाचा पलीकडचा भाग रिकामा आहे. पहिल्या गिअरमध्ये, एकच फेरी. मी पाय लावणार नाही."

डॉक्टरबाईंनी मैदान पाहिलं, पुतळे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिलं. "पहिल्या गिअरमध्ये," त्या म्हणाल्या.

ती सीटवर चक्क मांडी घालून बसली. सासऱ्यांनी ते पाहिलं, मान हलवली आणि गाडी सोडली. पलीकडच्या भागाकडे जायला डावीकडे वळायचं होतं. सासरे उजवीकडे वळले.

"बाबा, डावीकडे."

"माहीत आहे," असं म्हणून ते सरळ मांडवाकडे निघाले. गवंडी आधीच उठून बाजूला झाला होता. त्याला इंजिनाच्या आवाजावरून काय समजलं कोण जाणे. दातांचे डॉक्टर मात्र खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी गरम पाण्याच्या गुळण्या सांगत होते. पहिल्या गिअरमधली गाडी म्हणजे बैलासारखी चाल, पण बैल थांबतो. ब्रेकबाईनं पाय लावणार नाही म्हटलं होतं, हाताबद्दल ती काही बोलली नव्हती. तिनं हँडब्रेक ओढला. गाडी मांडवाच्या दोरीला पोट लावून थांबली, दोरीनं खांब ओढला, आणि कनात एखाद्या दमलेल्या बाईसारखी हळूच खाली बसली. खालून आवाज आला, "नाही नाही, मीठ घालून. मीठ घालून."

कुणाला काही झालं नाही. टेबलावरचं काचेचं माप तेवढं फुटलं.

नियमाप्रमाणे प्यायलेल्या माणसाला घरी न्यायला नातेवाईक यावा लागत होता. बारा वाजता सासूबाई टॅक्सीनं आल्या. तेव्हा सासरे खुर्चीत बसून दिडकीचा पाढा म्हणत होते. "एक दिडं दीड, दोन दिडं तीन, तीन दिडं साडेचार." चौथ्यावर ते अडत आणि पुन्हा एकपासून सुरू करत. गवंडी समोर बसून मनापासून ऐकत होता.

डॉक्टरबाई फॉर्म घेऊन कोड्यात पडल्या होत्या. "चाळीस वर्षं एवढी घेणाऱ्या माणसाचं असं होत नाही," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "हे तर आयुष्यात पहिल्यांदा घेतल्यासारखे वागतात. घरी नक्की एवढीच घेतात?"

"एवढीच," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेचा दंड धरला आणि तिला पडलेल्या कनातीच्या मागे नेलं.

"अगं," त्या कुजबुजल्या, "एवढी कडक असते होय ती?"

ब्रेकबाईला काही समजेना.

"मी अर्धी काढते," सासूबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. तुझी मोठी यांच्या गाडीतून तलावावर जायला लागली ना, तेव्हापासून. नवीन बाटली फोडली की मी म्हणायची, आठवडाभर मुरू द्या, चव येते. त्यांना पटलं. मग सोमवारी अर्धी मोरीत ओतायची आणि कोरा चहा गाळून भरायचा. रंग अगदी तोच येतो."

"आई."

"मोरीतली झुरळं गेली. तेवढा फायदा झाला."

ब्रेकबाईला हसू आलं आणि ते बाहेर यायच्या आत विरलं. नऊ वर्षं ती दर रविवारी दुसऱ्याच्या गाडीत बसून घड्याळ बघत आली होती. ही बाई शेजारी ओठ मिटून बसत होती, ती एवढं पोटात ठेवून.

"तोंडानं सांगून ऐकणारा माणूस आहे का तो?" सासूबाई म्हणाल्या. "तू सांगितलंस, काय झालं? मला जे येत होतं ते मी केलं. चहा येत होता."

"पण आई, बाहेर? बाहेर कुणाकडे गेले तर तिथं चहा नसतो."

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"मागच्या वर्षी त्यांच्या मित्राच्या निवृत्तीची पार्टी होती. येताना फाटकाचा खांब पाडला. खांबच पुढे सरकवलाय म्हणाले."

"मी शेजारी होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कनातीची दोरी हातात घेऊन उगाच गुंडाळायला सुरुवात केली. "दोनच घेतल्या होत्या. दोननं त्यांना काही होत नाही, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं बघ. रोज खोटं बोललं की आपल्यालाच खरं वाटतं."

पलीकडून "तीन दिडं साडेचार" ऐकू येत होतं.

"मी सांगते त्यांना," ब्रेकबाई म्हणाली.

"नको. पाप माझं आहे. मीच सांगेन. फक्त शुद्धीवर येऊ देत."

शुद्धीवर ते संध्याकाळीच आले, पण सासूबाईंना धीर यायला रविवार उजाडला. बारा वाजले. सासऱ्यांनी बाटली काढली. गुरुवारबद्दल ते एवढंच बोलले होते की सरकारी दारू निकृष्ट असते. ते गुडघ्यांत वाकले, डोळा मिटला, साठच्या रेघेपर्यंत ओतलं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "चहा मोजताय तुम्ही."

मग सगळं सांगून टाकलं. मुलगा चष्मा पुसत राहिला. नातवंडांना आत पाठवलं होतं, ती दारामागे उभी होती. सासरे वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळानं सरळ झाले, चमच्यात थोडी ओतली आणि काडी ओढून लावली. काडी चर्र करून विझली. त्यांनी दुसरी लावली. तीही विझली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलाच्या खणातून कागद घेतला आणि जुन्या सवयीनं पंचनामा लिहिला. तारीख, वेळ, जागा. 'उपरोक्त बाटलीतील द्रव तपासला असता निम्मा भाग चहा आढळून आला. कालावधी नऊ वर्षे. संशयित: पत्नी. कबुली: तोंडी.' साक्षीदाराच्या जागी त्यांनी सुनेला सही करायला सांगितली. तिनं केली. बाटलीला त्यांनी कागदी पट्टी चिकटवून सील केलं, कपाटात ठेवली आणि जेवायला न बसता झोपायला गेले. त्या रविवारी पोरं बसनं तलावावर गेली.

चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. सासूबाई एरवीसारख्याच वावरत होत्या, पण चहा करताना त्यांचा हात थांबायचा. ब्रेकबाईला एका रात्री सासऱ्यांची दया आली, ही तिलाच नवल वाटणारी गोष्ट होती. ज्यानं सारी हयात दुसऱ्यांचे दोन तळ शोधले, त्याच्या स्वतःच्या घरात नऊ वर्षं दुसरा तळ होता.

पाचव्या दिवशी ते तिच्या आधी काचेच्या कारखान्यात पोचलेले होते, काखेत सील केलेली बाटली. डॉक्टरबाईंशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं.

"ही माझी नेहमीची," ते म्हणाले. "हिच्यावर माझा आकडा काढा."

डॉक्टरबाईंनी नवं माप आणलं होतं. एकशेवीस मोजली. या वेळी ते वाकले नाहीत. अर्धा तास बसले, यंत्रात फुंकलं आणि गाडीत येऊन बसले. पट्टा एका झटक्यात लागला. चेहरा नेहमीचा, शर्ट आत, पाठ ताठ. दूधवाला नाही, पोरी नाही. घरासमोरून दर रविवारी जो माणूस गाडी बाहेर काढत असे, तोच हा.

तो वाईट चालवत नव्हता. म्हणून तर कुणी कधी बोललं नव्हतं. फक्त प्रत्येक गोष्ट किंचित उशिरा होत होती. वळण दिसल्यावर, आणि मग. पुतळा दिसल्यावर, आणि मग. त्या "आणि मग"मध्ये तिचा पाय खाली जात होता.

गाडी थांबली. डॉक्टरबाईंनी काचेतून कागद आत दिला. पाच.

सासऱ्यांनी तो मांडीवर ठेवला. गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.

"तू उगाच दाबला नाहीस?"

"नाही, बाबा."

"पाचही?"

"एकदा पुतळा होता. दोनदा वळण. दोनदा तुम्ही आरशात बघत होतात."

"मागे पोरं असतात, म्हणून मी आरशात बघतो," ते म्हणाले. "भांडतात का ते बघायला."

तिनं पाय ब्रेकवरून काढून घेतला.

"तलावाच्या वाटेवर वळणं किती?"

"अकरा. आणि शाळेजवळ माणसं ओलांडतात."

त्यांनी हिशेब केला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते. वर्षाचे बावन्न रविवार, नऊ वर्षं. आकडा त्यांनी बोलून दाखवला नाही.

"आणि तुझा पाय नव्हता," शेवटी ते म्हणाले.

"नव्हता."

आवारात कुणीतरी पुतळा उचलून पुन्हा उभा करत होतं. सासऱ्यांनी खिशातून घरच्या गाडीची किल्ली काढली आणि बराच वेळ तळहातावर धरली, जणू तिचं वजन बघत होते.

"ही तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "रविवार. दुपारी बारा ते रात्री बारा. आणि बाहेर कुणाकडे गेलो तर तिथून परत येईपर्यंत. इतर वेळी माझी."

"हो, बाबा."

"आणि घरी कुणाला सांगू नकोस की मी म्हणालो. म्हणावं, क्लच जड झालाय."

तिनं घरी तसंच सांगितलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालाच आहे जड. किती वर्षं झाली त्याला." त्या दिवशी सासऱ्यांनी जेवताना त्यांच्याकडे मीठ मागितलं. चार दिवसांनंतर पहिला शब्द मीठ.

पण मग रविवारी पोरांना नेणार कोण, हा प्रश्न राहिलाच. सुनेचे वर्ग होते, नवऱ्याचा नंबर नऊ होता. दोन महिने पोरं बसनंच गेली. एका सकाळी सासूबाई पायात बूट घालून ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकात उभ्या राहिल्या. वय पासष्ट. फॉर्म स्वतः भरून आणला होता. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'चहा' लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं.

"हळू," ब्रेकबाई म्हणायची.

"हळूच चाललेय," सासूबाई म्हणायच्या. "याहून हळू गेले तर मागं जाईन." पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी तिनं जितक्या वेळा पाय दाबला, तो आकडा तिनं सासऱ्यांना कधीच सांगितला नाही. परवाना तिसऱ्या परीक्षेत मिळाला.

सासरे अजूनही रविवारी दोन घेतात. स्वच्छ दारूनं त्यांना ॲसिडिटी होते, असं लक्षात आल्यापासून ते अर्धा चहा स्वतःच घालतात, रेघेला डोळा लावून. मुरण्याचा सिद्धांत मात्र त्यांनी सोडलेला नाही.

थंडीत डॉक्टरबाईंचं पत्र आलं. संशोधन पूर्ण झालं होतं, सहकार्याबद्दल आभार होते आणि खाली एक ओळ होती: 'आपल्या सवयीविषयीची मूळ माहिती विश्वासार्ह न आढळल्याने आपली नोंद अंतिम निष्कर्षातून वगळण्यात आली आहे.' सासरे ते वाचून उभेच राहिले. एकोणीस त्यांनी पचवलं होतं, पाच पचवलं होतं, कोरा चहा पचवला होता. वगळणं पचेना. गवंड्याची नोंद मात्र ठेवली होती, त्याच्यासाठी म्हणे नवा रकाना काढला होता.

त्यांनी पुढच्याच रविवारी दुपारी उत्तर लिहायला घेतलं. दोन पानं झाली, तिसरं सुरू होतं. तीन वाजले. सासूबाई दारात आल्या, हातात किल्ली.

"ते नंतर लिहा," त्या म्हणाल्या. "आधी पोरांचे टॉवेल आणा दोरीवरून. आणि येणार असलात तर मागं बसा."

ते टॉवेल घेऊन आले आणि मागं दोन नातवंडांच्या मध्ये बसले. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. कोपऱ्यावर सासूबाईंनी इतकं वेळेवर थांबवलं की अजून काही येतंय का म्हणून तिघांनीही बाहेर पाहिलं. काही येत नव्हतं. त्या आपल्या खात्री करून घेत होत्या.